अंगावरची शुगरची उपकरणं: पाठपिशवीपासून रुपयाच्या नाण्यापर्यंत (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

हे पान इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी आहे. उपकरणं केवढी होती, केवढी झाली, लहान होताना त्यांतून काय गेलं आणि मराठवाड्याच्या उन्हात ती कशी टिकवायची, एवढाच विषय. डोस किती घ्यायचा ते तुमचे डॉक्टरच सांगतील. इथे नाव घेतलेलं प्रत्येक मॉडेल आपल्याकडच्या दुकानात मिळेलच असं नाही. बाहेरून मागवणार असाल तर यंत्राच्या आधी त्याच्या सामानाचं बघा, कारण यंत्र एकदा येतं आणि सामान दर तीन दिवसांनी लागतं.

दंडावर ते पांढरं बटण लावलं की इन्सुलिनची सुई बंद होते का?

नाही. ते बटण म्हणजे सेन्सर. तो फक्त मोजतो. इन्सुलिन देतो तो पंप, आणि ती वेगळी वस्तू आहे. दोन्ही एकमेकांशी बोलायला लागले, म्हणजे सेन्सरचा आकडा बघून पंप स्वतःच इन्सुलिन कमी-जास्त करायला लागला, की त्याला स्वयंचलित पंप म्हणतात. अमेरिकेत अशा पहिल्या पंपाला, मिनिमेड ६७०जी ला, २०१६ मध्ये मान्यता मिळाली. तोही पूर्ण स्वयंचलित नव्हता, जेवणाआधी किती कर्बोदकं खाणार ते माणसालाच सांगावं लागायचं.

पहिला इन्सुलिन पंप केवढा होता?

पाठीवर घ्यावा लागायचा एवढा. लॉस एंजेलिसच्या आर्नोल्ड कदिश या डॉक्टरांनी १९६३ च्या सुमारास तो तयार केला. आपल्याकडे पंप म्हटलं की कपाशीवर फवारणी करायचा पाठीवरचा पंप डोळ्यांपुढे येतो. चित्र जवळपास तेच धरा, फक्त औषधाच्या टाकीच्या जागी मोटारी, नळ्या आणि रक्तातली साखर मोजायची यंत्रणा. तो इन्सुलिन द्यायचा आणि साखर उतरली तर ग्लुकागॉन, म्हणजे साखर वाढवणारं संप्रेरकही द्यायचा. म्हणजे आजच्या बहुतेक पंपांना जे जमत नाही ते त्यात होतं. पण ते ओझं घेऊन रोज कोण फिरणार?

मग तो कमरेवर कधी आला?

सत्तरच्या दशकाच्या शेवटी. अमेरिकेत डीन केमन यांनी ऑटोसिरिंज नावाचा अंगावर बाळगायचा पंप १९७६ च्या सुमारास आणला. त्याच्या एका मॉडेलला लोक ‘निळी वीट’ म्हणायचे, आणि डोस बदलायला स्क्रूड्रायव्हर लागायचा. लंडनच्या गाइज हॉस्पिटलमध्ये जॉन पिकअप, हॅरी कीन आणि सहकाऱ्यांनी कातडीखाली सतत थोडं थोडं इन्सुलिन सोडायची पद्धत वापरून बघितली आणि १९७८ मध्ये ती छापून प्रसिद्ध केली. आजचा प्रत्येक पंप त्याच पद्धतीवर चालतो.

ऐंशी-नव्वदच्या दशकांत मिनिमेडसारख्या कंपन्यांनी पंप पेजरएवढा केला. पेजर आठवत नसेल तर काडेपेटीच्या दीड-दोन पट धरा. मेडट्रॉनिकने मिनिमेड २००१ मध्ये विकत घेतली. तिथपासून पुढची वीस वर्षं त्यांच्या नळीवाल्या पंपाचा आकार कमी झालेला नाही. पडदा रंगीत झाला, डोकं हुशार झालं, अंग मात्र घटलं नाही.

आज पंप केवढे आहेत?

तीन प्रकार डोळ्यांपुढे ठेवा. मिनिमेड ७८०जी साधारण ९.७ सेंटीमीटर लांब, सव्वापाच-साडेपाच रुंद आणि अडीच जाड आहे. वजन शंभर ग्रॅमच्या थोडं वर. टँडेम कंपनीचा टी:स्लिम एक्स२ साधारण ८ सेंटीमीटर लांब, ५ रुंद, दीड जाड, वजन ११२ ग्रॅम. नळी नसलेला ऑम्निपॉड थेट कातडीवर चिकटतो. तो ५.२ सेंटीमीटर लांब, ३.९ रुंद आणि १.४५ जाड असून वजन २६ ग्रॅम आहे. हाच पॉड २००५ मध्ये मान्यता मिळाली तेव्हा ६.२ × ४.१ × १.७ सेंटीमीटर होता.

लांबी, रुंदी आणि जाडीचा गुणाकार करून बघितलं तर पहिला सुमारे १३० घन सेंटीमीटर, दुसरा ६० च्या आसपास, तिसरा ३० च्या आत. २०२३ मध्ये टँडेमच्याच मोबी या पंपाला अमेरिकेत मान्यता मिळाली. तो एक्स२ च्या साधारण निम्मा आहे, पण त्याला पडदाच नाही. सगळा कारभार फोनवर.

पंपात इन्सुलिन तर तीनच मिली असतं. मग पंप एवढा मोठा कशाला?

प्रश्न बरोबर आहे. ३०० युनिट म्हणजे ३ मिली, म्हणजे ३ घन सेंटीमीटर. १३० च्या पंपात औषधाचा वाटा अडीच टक्केसुद्धा नाही. बाकी जागा कोण खातं?

पहिली जागा दट्ट्याची. नळीवाला पंप आतून एक सिरिंजच असतो. बरणीतलं इन्सुलिन पुढे ढकलायला मागे स्क्रूची दांडी लागते आणि बरणी भरलेली असताना ती दांडी पूर्ण मागे उभी असते. म्हणजे बरणीची जेवढी लांबी, जवळपास तेवढीच लांबी दांडीसाठी राखून ठेवावी लागते. सिरिंज पूर्ण ओढून बघा, लांबी दुप्पट होते. ते इथेही टळत नाही.

दुसरी जागा अचूकतेची. पंप एका वेळी ०.०२५ युनिटसुद्धा सोडू शकतो. १०० च्या (मिलीला १०० युनिट) इन्सुलिनमध्ये १ युनिट म्हणजे १० मायक्रोलिटर, त्या हिशेबाने ०.०२५ युनिट म्हणजे पाव मायक्रोलिटर. ड्रॉपरचा एक थेंब साधारण ५० मायक्रोलिटरचा धरला तर हा त्याचा २०० वा हिस्सा झाला. बरणीचा व्यास एक-सव्वा सेंटीमीटर धरा. एवढंसं सोडायला दट्ट्या फक्त दोन-तीन मायक्रोमीटर पुढे जायला हवा, आणि डोक्याचा केससुद्धा त्याच्या वीस-तीसपट जाड असतो. एवढी बारीक हालचाल दर वेळी तशीच करायची तर मोटार, दातेरी चाकं आणि मजबूत सांगाडा आलाच.

तिसरी जागा बॅटरीची, चौथी पडद्याची आणि पाण्यापासून वाचवणाऱ्या कवचाची.

लहान पंप केले गेले ते यातली एकेक जागा काढून. टँडेमने सिरिंजची बरणी सोडून पिशवीत इन्सुलिन ठेवलं, त्यामुळे लांब दांडी गेली आणि पंप चपटा झाला. ऑम्निपॉडने मोटारच काढली. त्यात एक खास मिश्रधातूची तार असते, वीज दिली की ती आखडते आणि दातेरी चाक एक दात पुढे ढकलते. पडदा आणि बटणं पॉडवर नाहीतच, ती हातातल्या वेगळ्या यंत्रात गेली. आकार नाहीसा झाला असं नाही, बराचसा खिशात गेला.

बारीक पंपच चांगला ना मग?

आमचं मत: खेड्यात राहणाऱ्याने लगेच हो म्हणू नये. ७८०जी जाड आहे त्याचं एक कारण त्यातला पेन्सिल सेल. तो सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतो. फक्त अल्कलाइन किंवा लिथियम घ्या, दहा-पंधरा रुपयांचा साधा झिंक-कार्बन सेल पंपात चालत नाही. टी:स्लिम चार्जिंगवर चालतो. मे महिन्यात लाइट रात्रभर जाते त्या गावात हा फरक अंगठ्याएवढ्या जाडीपेक्षा मोठा आहे. चार्जिंगचाच पंप घेतला असेल तर पॉवर बँक पंपासाठी राखीव ठेवा, तिच्यावर मोबाइल लावू नका.

२०० युनिटचा घ्यावा की ३०० युनिटचा?

तुमचं दिवसाचं एकूण इन्सुलिन घ्या, तीनने गुणा. त्यात नळी भरायला जाणारे मिळवा. ६० सेंटीमीटर नळीला साधारण १० युनिट जातात, नळी लांब असेल तर जास्त. वर २० युनिट शिल्लक धरा. दिवसाला ४५ युनिट लागत असतील तर १३५ + १० + २०, म्हणजे १६५. २०० च्या लहान पंपात बसतं. दिवसाला ७० लागत असतील तर नुसते २१० होतात, लहान पंप तिसरा दिवस पूर्ण व्हायच्या आधीच रिकामा होईल. टाइप २ च्या वजनदार रुग्णांना लहान पंप बहुधा पुरत नाही. मुलांना भरपूर होतो.

सरकारी दवाखान्यातून ४० ची (मिलीला ४० युनिट) बाटली मिळते. ती पंपात भरली तर चालेल का?

अजिबात नाही. पंप १०० युनिट प्रति मिली धरून हिशेब करतो. ४० चं भरलं तर पंप म्हणेल १० युनिट दिले, अंगात जातील ४. दोन-तीन दिवसांत शुगर ४०० च्या पुढे आणि उलट्या. पंपात १०० चं, तेही झटपट काम करणारं इन्सुलिनच लागतं. ४० चं इन्सुलिन लाल टोपणाच्या सिरिंजने, १०० चं केशरी टोपणाच्या, हे घरात सगळ्यांना माहीत असू द्या. पंप बंद पडला की हातात सिरिंज येते, आणि १०० चं इन्सुलिन घाईत लाल टोपणाच्या सिरिंजमध्ये भरलं की अडीचपट डोस जातो.

सेन्सर सुरुवातीला केवढा होता?

अमेरिकेत १९९९ मध्ये मान्यता मिळालेल्या मिनिमेडच्या यंत्रात पोटाला सेन्सर, त्यातून वायर आणि वायरच्या टोकाला कमरेवर पेजरएवढं यंत्र असायचं. तीन दिवस ते बाळगायचं, दिवसातून चार वेळा बोटही टोचायचं, आणि गंमत म्हणजे आकडा रुग्णाला दिसायचाच नाही. तो दवाखान्यात कॉम्प्युटरला जोडल्यावर डॉक्टर बघायचे.

नंतर वायर गेली. डेक्सकॉम कंपनीचा पहिला सेन्सर २००६ मध्ये आला, टिकायचा तीन दिवस. ॲबटचा नॅव्हिगेटर २००८ चा, पाच दिवस. तेव्हा सेन्सरवर बसवायचा ट्रान्समीटर (आकडा पाठवणारा भाग) कपड्यातून उंचवटा दिसेल एवढा असायचा आणि वर एक वेगळा रिसीव्हर खिशात.

खरा बदल २०१४ मध्ये युरोपात आला. ॲबटचा फ्रीस्टाइल लिब्रे, ३५ मिलिमीटर व्यास, ५ मिलिमीटर जाडी, वजन ५ ग्रॅम, टिकाऊपणा १४ दिवस, बोट टोचून जुळवणी करायची गरज नाही. आपलं दहाचं नाणं २७ मिलिमीटरचं आहे, त्याच्याभोवती सगळीकडून ४ मिलिमीटर वाढवा, तेवढं. पुढे लिब्रे ३ ला २०२० मध्ये युरोपात मान्यता मिळाली. त्याचा व्यास २१ मिलिमीटर, जाडी २.९. खिशातली रुपयाची दोन नाणी एकावर एक ठेवा, बोटाला जवळपास तेवढंच लागतं. दोन्ही गोल डबी धरून हिशेब केला तर नवा जुन्याच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास येतो. डेक्सकॉमचा जी६ २०१८ चा. २०२२ च्या अखेरीस अमेरिकेत मान्यता मिळालेला जी७ कंपनीच्या म्हणण्यानुसार त्याहून ६० टक्के लहान आहे: साधारण २७ × २४ मिलिमीटर, जाडी पाचच्या आत.

कातडीखाली जाणारी तार मात्र फारशी बदललेली नाही. लिब्रेची तार ५ मिलिमीटरच्या आसपास लांब असते. सुई फक्त ती आत पोचवायला असते आणि लगेच बाहेर येते. ‘सुई चौदा दिवस आत राहते’ ही भीती अनेकांना असते, ती निराधार आहे.

एवढं लहान होणं जमलं कशामुळे?

मोजायची मूळ कल्पना जुनी आहे. लेलँड क्लार्क यांनी १९६२ मध्ये ग्लुकोज ऑक्सिडेज हे एन्झाइम वापरून साखर मोजायचा इलेक्ट्रोड मांडला. आजचे बहुतेक सेन्सर त्याच एन्झाइमवर चालतात. लहान झालं ते भोवतालचं: दहा वेगळे भाग एका चिपमध्ये आले, कमी वीज खाणारं ब्लूटूथ आलं आणि बटणाएवढा सेल दोन आठवडे पुरू लागला. पडदा फोनचा वापरायला सुरुवात झाली. शेवटी ट्रान्समीटर वेगळा काढून पुन्हा वापरायची सोय सोडून दिली. उघडता येणारी वस्तू जाड करावी लागते, कारण तिला खाच, रबर, पकड लागते. एकदाच वापरून फेकायची असेल तर ती बंद करून टाकता येते. बारीकपणाची ही किंमत आहे, आणि ती दर पंधरवड्याला आपण भरतो: १४ दिवसांचा एक धरला तर वर्षाला २६ सेन्सर.

लहान सेन्सर कमी अचूक असतो का?

आकाराचा आणि अचूकतेचा तसा संबंध नाही. जुने मोठे सेन्सर आजच्यापेक्षा जास्त चुकायचे. चुका होतात त्या दुसऱ्या कारणांनी.

सेन्सर रक्तातली नाही, पेशींच्या अवतीभवतीच्या पाण्यातली साखर मोजतो. ती रक्ताच्या पाच ते पंधरा मिनिटं मागे असते. गरम भाकरीवर गुळाचा खडा खाल्ला की ग्लुकोमीटरवर आकडा आधी चढतो, सेन्सरवर नंतर. शुगर स्थिर असताना दोन्ही आकडे जवळ येतात. म्हणून तुलना करायची असेल तर उपाशीपोटी करा, जेवणानंतर तासाभरात नको.

रात्री त्याच दंडावर झोपलात तर दाबामुळे तिथे पाणी कमी पोचतं आणि ५०-६० असा खोटा आकडा दिसतो. रात्री दोनला अलार्म वाजला, माणूस घामाघूम नाही, बोलणं ठीक आहे, तर कूस बदला आणि बोट टोचून बघा. पण हातपाय थरथरत असतील तर तपासत बसू नका, आधी साखर द्या: तीन चहाचे चमचे पाण्यात, म्हणजे साधारण १५ ग्रॅम, आणि १५ मिनिटांनी पुन्हा तपासा. गिळता येत नसेल किंवा शुद्ध हरपत असेल तर तोंडात काही घालू नका, गाडी काढा.

पहिल्या दिवशी आकडे हलतात. काही सेन्सरमध्ये दिवसाला ५०० मिलिग्रॅमपेक्षा जास्त व्हिटॅमिन सी घेतलं तर आकडा खोटाच वर दिसतो. सर्दीत चघळायच्या संत्र्याच्या चवीच्या गोळ्या अनेकदा नेमक्या ५०० च्या असतात, दिवसाला दोन घेतल्या की मर्यादा ओलांडली.

सेन्सर घेण्याआधी मोबाइलचं काय बघायचं?

एनएफसी, म्हणजे मोबाइल जवळ नेऊन वस्तू वाचायची सोय, आहे का ते. लिब्रेचा पहिला प्रकार मोबाइल जवळ नेऊन वाचावा लागतो, आणि स्वस्त मोबाइलमध्ये बऱ्याचदा एनएफसी नसतं. सेटिंगमध्ये जाऊन ‘एनएफसी’ शोधा. नसेल तर कंपनीचा वेगळा रीडर घ्यावा लागेल. ब्लूटूथवाल्या लिब्रे ३ लासुद्धा सुरू करताना एनएफसी लागतंच.

आणखी एक: लिब्रेच्या पहिल्या प्रकारात आठ तासांचीच नोंद राहते. रात्री नऊला वाचला आणि सकाळी सातला वाचला तर मधले दोन तास कायमचे गेले. झोपायच्या आधी अगदी शेवटचं काम म्हणून वाचा, उठल्याबरोबर पुन्हा.

दंडावर लावायची नीट रीत कोणती?

दंडाची मागची बाजू, खांदा आणि कोपर यांच्या मधोमध, जिथे चिमटीत थोडी चरबी येते. इन्सुलिन टोचायच्या जागेपासून किमान अडीच सेंटीमीटर लांब. त्या दिवशी अंगाला तेल लावू नका. लहान मुलांना तेल लावलेलं असलं की सेन्सर लवकर सुटतो. साध्या साबणाने धुवा, मॉइश्चरायझरवाला नको. केस दाट असतील तर काढा. स्पिरिटने पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या स्पिरिटवर चिकट लागत नाही आणि झोंबतंही. हात सैल सोडा, लावक (सेन्सर दाबून बसवायचं साधन) टेकवून सरळ दाबा, तिरकं नको. लावल्यावर सेन्सरच्या कडेने बोट फिरवत अर्धा मिनिट दाबा.

थोडं रक्त आलं तर घाबरू नका. वाहतच राहिलं तर तो सेन्सर नीट मोजणार नाही, काढा. लिब्रे सुरू केल्यावर पहिला आकडा तासाभराने येतो, जी७ ला अर्धा तास पुरतो. नवीन सेन्सर शक्यतो सकाळी लावा. संध्याकाळी लावला तर सुरुवातीची डळमळ नेमकी रात्री होते आणि घर जागं राहतं.

लावल्यानंतर दाराच्या चौकटीला दंड घासूनही सेन्सर जातो. जुन्या वाड्यांची दारं अरुंद. जाडी ५ वरून ३ वर आल्याचा फायदा इथे खरा दिसतो.

उन्हाळ्यात चार दिवसांत सुटून पडतो. काय करावं?

वरून जादा चिकटपट्टी लावा, पण सेन्सरच्या मधोमध बारीक भोक असेल तर ते झाकू नका. पट्टीला मधे गोल कापून भोक मोकळं ठेवा. पट्टी पहिल्याच दिवशी लावा. घामाने कडा उचलल्यावर लावली तर ती सेन्सरलाच ओढून घेते.

साठवणीकडे जास्त लक्ष द्या. न उघडलेला लिब्रे सेन्सर पाकिटावर दिलेल्या तापमानातच ठेवायचा असतो. मे महिन्यात परभणी-नांदेडला बाहेर ४३-४४, पत्र्याच्या घरात दुपारी त्याच्या जवळपास. म्हणून फ्रिजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नाही, आणि लावायच्या आधी बाहेर काढून खोलीच्या तापमानाला येऊ द्या. अंगावर लावल्यावर तो ४५ अंशांपर्यंत चालतो, कपड्याखाली तेवढं होत नाही. कुरिअरने मागवत असाल तर एप्रिल-मेचे चार-पाच सेन्सर मार्चमध्येच घ्या. गाडीत ठेवू नका, बंद गाडीत दुपारी पन्नासच्या वर जातं.

पंपातलं इन्सुलिन ३७ अंशांच्या वर गेलं की बिघडायला लागतं. लहान चिकटणारा पंप इथे मार खातो. तो कातडीला लागूनच असतो, त्यावर ऊन आलं तर औषध थोडंच, तापतं लवकर. उन्हात कामाला जाताना तो दंडावर नको, पोटावर किंवा पाठीच्या खालच्या बाजूला, कपड्याआड. विनाकारण शुगर चढू लागली आणि दिवस तापलेला असेल तर तीन दिवसांची वाट न बघता नवीन भरा. फ्रिज नसेल तर वापरात नसलेली बाटली कोरड्या झाकणाच्या डब्यात घालून डबा ओल्या वाळूतल्या माठात ठेवा, बाटलीला पाणी लागू देऊ नका.

साडीत पंप कुठे ठेवायचा?

परकराच्या नाडीला क्लिप लावली तर बसताना-उठताना दोन गोष्टी होतात: क्लिप पोटात रुतते आणि निऱ्या खोचताना नळी ओढली जाते. ओढ बसून कॅन्युला (कातडीखाली राहणारी बारीक नळी) अर्धी बाहेर आली की यंत्राला कळत नाही, इन्सुलिन कपड्यात जातं. ओला डाग आणि इन्सुलिनचा औषधी वास ही खूण. परकराला आतून, नाडीच्या चार बोटं खाली, कापडी खिसा शिवून घ्या. आत ७८०जी जाडीसकट सैल बसेल एवढी जागा ठेवा. नळी ६० सेंटीमीटरची घ्या, ११० ची घेतली तर उरलेली कुठेतरी अडकतेच. नळीचा एक वेढा कातडीवर पट्टीने दाबून ठेवा. ओढ बसली तर आधी वेढा सुटतो, कॅन्युला राहते. धोतर-बंडीवाल्यांचं सोपं आहे, बंडीच्या आतल्या खिशात.

ऊसतोडीला, कापूस वेचायला जाणाऱ्याने काय लावावं?

मोळी ज्या खांद्यावर घेता त्याच्या उलट्या दंडावर सेन्सर. वेचणीची झोळी कमरेला बांधत असाल तर पंपाची जागा पोटावर नको, मांडीवर किंवा पाठीवर. कामाच्या दिवशी साखर झपाट्याने उतरते, खिशात साखरेची पुडी ठेवा. मोबाइल बांधावर ठेवून पातीत शिरलात तर अलार्म कुणालाच ऐकू येणार नाही, ब्लूटूथचा पल्ला थोड्याच मीटरांचा असतो.

न टोचता साखर सांगणारं घड्याळ दोन हजारांत मिळतंय. घ्यावं का?

नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मान्यता देणाऱ्या सरकारी संस्थेने, फेब्रुवारी २०२४ मध्ये बजावलं की न टोचता स्वतः साखर मोजणाऱ्या एकाही घड्याळाला किंवा अंगठीला त्यांनी मान्यता दिलेली नाही. सेन्सरचा आकडा फक्त दाखवणारं घड्याळ वेगळं, ते ठीक आहे. प्रयत्न झाले आहेत. ग्लुकोवॉच नावाच्या घड्याळाला २००१ मध्ये मान्यता मिळालीही होती. ते कातडीतून विजेने द्रव ओढायचं, सुरू व्हायला तीन तास लागायचे, कातडी लाल व्हायची. ते बंद पडलं. अश्रूंतली साखर मोजणारी कॉन्टॅक्ट लेन्स २०१४ मध्ये गाजली आणि २०१८ मध्ये थांबवली गेली. बाजारातलं घड्याळ ओळखायची सोपी युक्ती आहे: ते तुमच्याऐवजी टेबलाच्या पायाला किंवा केळ्याला बांधा. तरीही १०८ दाखवत असेल तर समजा.

पूर्ण कातडीखाली पुरायचा सेन्सरही आहे म्हणे?

आहे. एव्हरसेन्स. साधारण १८ मिलिमीटर लांब, साडेतीन मिलिमीटर जाड कांडी दंडात डॉक्टर बसवतात. अमेरिकेत २०१८ मध्ये तो ९० दिवसांसाठी मान्य झाला, २०२४ मध्ये वर्षभरासाठी. पण वरून ट्रान्समीटर चिकटवावाच लागतो. म्हणजे दिसायचं ते दिसतंच.

पंप अलार्म देतोय आणि शुगर उतरत नाही. किती वाट बघायची?

पंपात लांब पल्ल्याचं इन्सुलिन नसतं. नळी तुंबली, कॅन्युला मुडपली किंवा बुडबुडा अडकला की काही तासांत अंगात इन्सुलिन उरत नाही. २५० च्या वर गेलं तर दुरुस्तीचा डोस द्या आणि तासाभराने पुन्हा बघा. तरी २५० च्या वरच असेल तर पुढचा डोस पंपाने नाही, पेनने किंवा सिरिंजने घ्या आणि सेट (नळी आणि कॅन्युला) पूर्ण बदला. जुनी कॅन्युला काढल्यावर उजेडात बघा, टोक वाकलेलं असेल तर पुढच्या वेळी जागा बदला. बारीक अंगाच्या मुलांत हे जास्त होतं, त्यांना ९ मिलिमीटरऐवजी ६ ची कॅन्युला लागते. उलट्या, पोटदुखी, जोराचा श्वास यांपैकी काही दिसलं तर घरी प्रयोग नकोत, लगेच मोठ्या दवाखान्यात.

वापरलेले सेन्सर, लावक, सुया कुठे टाकायच्या?

सेन्सर नाण्याएवढा झाला, लावक मात्र अजून मुठीएवढा आहे आणि त्यात सुई राहते. उकिरड्यावर टाकू नका, शेणखताबरोबर ती शेतात जाते आणि कुणाच्यातरी पायात. जाड प्लॅस्टिकची झाकणाची बरणी ठेवा, फिनाइलची रिकामी चालते. पाऊण भरली की झाकण चिकटपट्टीने बंद करून पुढच्या तपासणीला जाताना दवाखान्यात द्या, तिथे सुयांसाठी वेगळा डबा असतो. सेन्सर आणि पॉडमध्ये सेल असतात, ते चुलीत किंवा शेकोटीत घालू नका.